अर्ध्या टक्क्यावरून पडलेलं सरकार (जर्मनी, १९२८-३०)

बखरनवीस:
हिटलरवरच्या जुन्या धाग्यात कुणीतरी एक वाक्य टाकून गेलंय: "रोज नवं सरकार, लोक कंटाळले, मग हुकूमशहा आला." त्याला प्रतिसाद लिहायला बसलो तर तो मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून हा वेगळा धागा.

सरकारं भराभर बदलली यात खोटं काही नाही. १९१९ ते १९३३ या चौदा वर्षांत, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाच्या काळात, वीसेक मंत्रिमंडळं झाली. त्यांची यादी वाचून झोप येते, कळत काही नाही. मला एकाच सरकारबद्दल लिहायचंय. चॅन्सलर (म्हणजे पंतप्रधान) हेरमान म्युलर यांचं, जून १९२८ ते मार्च १९३०. एकवीस महिने, म्हणजे वायमार काळातलं सगळ्यांत दीर्घायुषी मंत्रिमंडळ. ते पडलं आणि त्यानंतर थेट हिटलर येईपर्यंत संसदेतल्या बहुमतावर उभं असलेलं सरकार जर्मनीत झालं नाही.

२० मे १९२८ च्या निवडणुकीत म्युलर यांच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला ४९१ पैकी १५३ जागा मिळाल्या. नाझींना बारा. होय, बाराच, मतं २.६ टक्के. तेव्हा "प्रजासत्ताक धोक्यात" असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

बहुमतासाठी पाच पक्ष एकत्र आले. सोशल डेमोक्रॅट म्हणजे कामगारांचा, युनियनवाल्यांचा पक्ष. सेंटर हा कॅथलिकांचा; त्यात खाणकामगार, जमीनदार आणि धर्मगुरू एकाच पंगतीला. बव्हेरियन पीपल्स पार्टी म्हणजे त्याच घरातून वेगळं झालेलं बिऱ्हाड. डेमोक्रॅट हे वकील-प्राध्यापकांचे उदारमतवादी, १९१९ साली साडेअठरा टक्के होते, आता आटून २५ जागांवर आलेले. आणि पाचवी जर्मन पीपल्स पार्टी, कारखानदारांची. म्हणजे एकाच टेबलाच्या एका टोकाला युनियन आणि दुसऱ्या टोकाला मालक. विळ्याभोपळ्याचं सख्य.

कारखानदारांच्या पक्षाला मुळात यात यायचंच नव्हतं. त्यांचे नेते गुस्टाव श्ट्रेसेमान तेव्हा आजारी, ब्लॅक फॉरेस्टमधल्या ब्युलरह्योए इथल्या आरोग्यधामात पडलेले. तिथून त्यांनी तार केली: पक्ष म्हणून नको, व्यक्ती म्हणून मंत्री येतील. स्वतःच्या पक्षाला वळसा घालून त्यांनी सरकार उभं करून दिलं. पण त्याचा अर्थ असा की संसदेतला कुठलाच पक्ष या सरकारला आपलं म्हणायला बांधील नव्हता. रीतसर आघाडी जाहीर व्हायला एप्रिल १९२९ उजाडला. मधल्या काळात सेंटरवाले फेब्रुवारीत रुसून बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये परत आले.

आता माझा आवडता प्रसंग. प्रचारात सोशल डेमोक्रॅटांची घोषणा होती, युद्धनौका नको, मुलांना जेवण द्या. आधीच्या सरकारने 'पान्झरक्रॉयझर ए' नावाची चिलखती नौका मंजूर केली होती, खर्च आठ कोटी मार्क. ऑगस्ट १९२८ मध्ये म्युलर यांच्या मंत्रिमंडळाने तिचा पहिला हप्ता मंजूर केला, कारण अडवला असता तर आघाडी सुरू होण्याआधीच संपली असती. पक्षात आगडोंब. नोव्हेंबरमध्ये सोशल डेमोक्रॅटांच्या संसदीय गटाने बांधकाम थांबवण्याचा ठराव आणला आणि सगळ्या खासदारांवर शिस्त लादली. मंत्रीसुद्धा खासदारच. त्यामुळे चॅन्सलर म्युलर आणि त्यांचे सहकारी मंत्री सरकारी बाकावरून उठले, पक्षाच्या बाकांवर जाऊन बसले आणि आपल्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत देऊन आले. ठराव पडला, नौका वाचली, सरकारही वाचलं. अब्रू तेवढी गेली.

ऑक्टोबर १९२९ च्या ३ तारखेला श्ट्रेसेमान गेले. त्याच महिन्याअखेर न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकी कर्जावर चाललेल्या जर्मन अर्थव्यवस्थेचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

आणि मग तो अर्धा टक्का. १९२७ च्या कायद्याने बेकारी विमा सुरू झाला होता. वर्गणी पगाराच्या ३ टक्के, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. हिशेब धरला होता साधारण आठ लाख बेकारांचा. १९३० च्या सुरुवातीला बेकार तीस लाखांच्या वर गेले. विम्याची तिजोरी रिकामी, सरकारची त्याहून रिकामी. वर्गणी आधीच ३.५ केली होती, ती ४ करा असं सोशल डेमोक्रॅट म्हणत होते. मालकांचा पक्ष म्हणत होता, वर्गणी नको, भत्ते कापा.

आठवड्याला ४० मार्क मिळवणारा कामगार धरा. अर्धा टक्का म्हणजे २० फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). त्यातले दहा त्याच्या खिशातून, दहा मालकाच्या.

सेंटरचे हाइनरिश ब्रुनिंग यांनी मधला मार्ग काढला: तूर्त ३.५ च राहू दे, सरकार ठरावीक मदत देईल, वर्गणी-भत्त्यांचा प्रश्न पुढे ढकला. बाकीचे चारही पक्ष तयार झाले. २७ मार्च १९३० ला सोशल डेमोक्रॅटांच्या गटाने तो फेटाळला. स्वतः म्युलर स्वीकारा म्हणत होते, पण त्यांचेच श्रममंत्री रुडॉल्फ विस्सेल आणि युनियन विरोधात. त्याच दिवशी म्युलर यांनी राजीनामा दिला. तीन दिवसांनी ब्रुनिंग चॅन्सलर, संसदेचं बहुमत न विचारता.

माझं मत असं की या पाचांपैकी कुणालाच समोरच्या शत्रूची धास्ती नव्हती. प्रत्येकाला भीती शेजारच्या बिऱ्हाडाची. सोशल डेमोक्रॅटांना वाटे, झुकलो तर कामगार कम्युनिस्टांकडे जातील. मालकांच्या पक्षाला वाटे, झुकलो तर देणगीदार उजव्या नॅशनलिस्टांकडे जातील. तुम्हाला काय वाटतं?

रानवाटा:
सुंदर. वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सडेतोड:
लेख चांगला, निष्कर्ष मवाळ. चार पक्ष हो म्हणाले, एक नाही म्हणाला. पाडलं कुणी हे सांगायला इतिहासकार कशाला लागतो? दहा फेनिगसाठी लोकशाही घालवली. बारभाईची खेती, काय लागेल हाती.

गिरणगावचा:
@सडेतोड, दहा फेनिग हा मुद्दा नव्हताच. माझे वडील गिरणीत साच्यावर होते, मी पुढे युनियनच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. वाटाघाटीत आकडा नेहमी लहान असतो. आमच्याकडे एकदा महागाई भत्त्याच्या सूत्रावरून बोलणी तुटली होती, फरक होता महिन्याला अडीच रुपये. बाहेरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण तो अडीच रुपये सोडला असता तर पुढच्या वर्षी सूत्रच गेलं असतं.

बखरनवीसांनी एक गोष्ट गाळली. नोव्हेंबर १९२८ मध्ये ऱ्हूर या औद्योगिक पट्ट्यातल्या पोलाद मालकांनी सरकारी लवादाचा निवाडा झुगारून दोन लाखांहून जास्त कामगारांना टाळेबंदीत कारखान्याबाहेर बसवलं. सरकारमध्ये मालकांचा पक्ष बसलेला असताना! ज्यांनी दीड वर्षापूर्वी हे पाहिलं ते युनियनवाले "भत्त्यांचं पुढे बघू" या वाक्यावर कसा विश्वास ठेवतील? पुढे बघू म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

सडेतोड:
@गिरणगावचा, तुमच्या गिरणीत बोलणी तुटली तर संप झाला असेल. इथे बोलणी तुटली तर काय होणार होतं हे त्यांना दिसायला नको होतं का? आणि कम्युनिस्टांचं काय? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

१९२५ ची अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. हिंडेनबुर्ग १ कोटी ४६ लाख. प्रजासत्ताकवाल्यांचे विल्हेल्म मार्क्स १ कोटी ३७ लाख. कम्युनिस्ट थेलमान १९ लाख. फरक नऊ लाखांचा, थेलमान शेवटच्या फेरीतही अडून बसले, माघार घेतली नाही. त्या नऊ लाखांनी निवडून आलेला म्हातारा पुढे कुणाला चॅन्सलर नेमतो ते ठाऊक आहेच.

निळी शाई:
@सडेतोड, १९२५ चे आकडे बरोबर, पण हिशेब अर्धाच मांडलात. बव्हेरियन पीपल्स पार्टीने त्या फेरीत मार्क्स यांना सोडून हिंडेनबुर्ग यांना पाठिंबा दिला. मार्क्स कॅथलिक, हिंडेनबुर्ग प्रोटेस्टंट प्रशियन सरदार, आणि कॅथलिक बव्हेरियाचा पक्ष प्रशियन सरदाराच्या मागे! का, तर मार्क्स यांना समाजवाद्यांचा पाठिंबा होता म्हणून. दांडे दोन्ही बाजूंच्या लाकडाचे होते.

ढेरपोट्या:
पाच पक्ष, रुसवेफुगवे, आजारी नेता, रातोरात तारा... मला हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय. २०१९ नंतरच्या आपल्या इकडे तर

बखरनवीस:
@ढेरपोट्या, हात जोडतो. तो विषय इथे आला की धागा शंभरी गाठेल आणि जर्मनी बाजूला राहील. त्यासाठी 'चालू घडामोडी' आहे.

ढेरपोट्या:
:) बरं. तोंडावर बोट.

बखरनवीस:
@गिरणगावचा, ऱ्हूरची टाळेबंदी गाळली ही चूकच. मान्य.

@सडेतोड, "काय होणार होतं हे दिसायला नको होतं का" हा खरा प्रश्न आहे. पण जे होणार होतं ते बोलणी तुटण्याआधीच शिजत होतं. हिंडेनबुर्ग यांच्या भोवतीची मंडळी, त्यात जनरल श्लायशर प्रमुख, कित्येक महिने समाजवाद्यांना वगळून सरकार बसवायच्या तयारीत होती. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाने अध्यक्षांना वटहुकूम काढता येत. तो अधिकार म्युलर यांना वापरू द्यायला हिंडेनबुर्ग तयार नव्हते, ब्रुनिंग यांना दिला. मालकांच्या पक्षातल्या अनेकांना हे वारं कळलेलं होतं. ज्याला मागच्या दाराची किल्ली मिळणार आहे तो पुढच्या दारात तडजोड कशाला करेल?

तरीही सोशल डेमोक्रॅटांना मी सोडणार नाही. त्यांच्याच पक्षाचे, काही महिने आधीपर्यंत अर्थमंत्री असलेले हिल्फरडिंग यांनी नंतर लिहिलं की मरणाच्या भयाने आत्महत्या करण्यात काही शहाणपण नाही. इतकं कडक तर सडेतोडही लिहीत नाहीत.

ऱ्हाईनकाठची:
कोलोनहून. मुलीच्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात हे सगळं आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी उजळणी चालू असते.

इथे शिकवतात की वायमारचा दोष घटनेत होता. तेव्हा संसदेला चॅन्सलर नुसता पाडता येत असे, पर्याय द्यावा लागत नसे. म्हणून आता ६७ वं कलम: नवा चॅन्सलर त्याच मतदानात निवडून दाखवा, तरच जुना जाईल. १९७२ मध्ये चॅन्सलर ब्रांट यांच्याविरुद्ध हे वापरलं तेव्हा २४९ मतं हवी होती, २४७ पडली. १९८२ मध्ये यशस्वी झालं, कोल आले. शिवाय पाच टक्क्यांची अट: त्याहून कमी मतं पडली तर पक्षाला सहसा संसदेत जागा नाही. वायमारमध्ये साठ हजार मतांमागे एक जागा, त्यामुळे चिल्लर पक्षांचा सुळसुळाट. आपल्याकडेही अशी तरतूद हवी असं वाटतं. (हे चालू घडामोडीत मोडतं का? :) )

कोरडा शेरा:
घटनेवर सगळं ढकलणं सोयीचं असतं, घटना उलट बोलत नाही.

१. म्युलर यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव आलाच नाही. ते घरातल्या भांडणात गेले. ६७ वं कलम असतं तरी काय केलं असतं?
२. पाच टक्क्यांची अट असती तर १९२८ मध्ये नाझी बाहेर राहिले असते हे खरं. सप्टेंबर १९३० मध्ये त्यांना १८.३ टक्के पडले. अट काय करणार होती?
३. जुलै १९३२ मध्ये ६०८ पैकी २३० नाझी, ८९ कम्युनिस्ट. बेरीज ३१९, निम्म्याहून जास्त. हे दोघे एकत्र सरकार करणार नाहीत आणि दुसऱ्या कुणाला करू देणार नाहीत. तिथे कुठलंही कलम घाला.

ऱ्हाईनकाठची:
@कोरडा शेरा, पहिला मुद्दा मुलीला सांगितला. ती म्हणाली परीक्षेत असं लिहिलं तर मार्क जातील.

निळी शाई:
मला वाटतं सगळे बर्लिनमधल्या चुकीच्या इमारतीकडे बघताहात. त्याच शहरात दुसरी एक विधानसभा होती, प्रशियाची. प्रशिया म्हणजे जर्मनीच्या लोकसंख्येचा आणि भूभागाचा साधारण तीनपंचमांश. तिथे काय चाललं होतं?

ओटो ब्राउन. क्योनिग्सबर्गचा माणूस, मूळचा छापखान्यातला कामगार, सोशल डेमोक्रॅट. १९२० ते १९३२ तो प्रशियाचा मुख्यमंत्री. मध्ये १९२१ आणि १९२५ मध्ये काही महिन्यांचे खंड, बाकी सलग. आघाडी कुणाची? सोशल डेमोक्रॅट, सेंटर, डेमोक्रॅट. १९२१ च्या अखेरीपासून १९२५ च्या सुरुवातीपर्यंत तर मालकांची पीपल्स पार्टीसुद्धा त्यात होती. तेच पक्ष, तेच मतदार. तिकडे वर्षाला दीड सरकार आणि इकडे बारा वर्षांचा संसार.

हे कसं जमलं याची मला सापडलेली कारणं. प्रशियाला परराष्ट्र धोरण नाही, युद्धभरपाई नाही, लष्कर नाही. म्हणजे ज्या विषयांवरून रक्त उसळतं ते विषयच पटलावर येत नसत. पण याहून मोठं कारण मला घटनेतलंच दिसतं (कोरडा शेरा, थोडं थांबा). प्रशियाला राज्याध्यक्षच नव्हता. विधानसभा विसर्जित करायची तर स्वतः विधानसभेने, किंवा जनमताने, किंवा तिघांच्या समितीने: मुख्यमंत्री, विधानसभेचा अध्यक्ष आणि राज्य परिषदेचा अध्यक्ष. हा तिसरा माणूस म्हणजे कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर, पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर. बखरनवीस ज्याला मागचं दार म्हणतात ते प्रशियात बांधलेलंच नव्हतं. भांडून जायचं कुठे? म्हणून लोक पुन्हा टेबलावर येत.

आणि माणसं. सोशल डेमोक्रॅटांचा गटनेता एर्न्स्ट हाइलमान आणि सेंटरचा योसेफ हेस यांचं मेतकूट जमलेलं होतं. एक समाजवादी, दुसरा निष्ठावान कॅथलिक. कुठल्या मुद्द्यावर कोण किती वाकू शकतो हे दोघांना एकमेकांचं पाठ. राइशस्टागमध्ये (जर्मनीच्या संसदेत) अशी जोडी शोधून सापडत नाही. हाइलमान देश सोडून गेला नाही. १९४० मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याला मारलं.

सडेतोड:
@निळी शाई, मग १९३२ मध्ये हे आदर्श घर का पडलं?

निळी शाई:
एप्रिल १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ४२३ पैकी १६२ आणि कम्युनिस्टांना ५७. कोरडा शेरांचंच गणित. ब्राउन काळजीवाहू म्हणून राहिले, कारण मतदानाच्या आधी आघाडीने नियम बदलून ठेवला होता: नवा मुख्यमंत्री निवडायला निर्विवाद बहुमत हवं. हा नियमबदल मला आजही पटत नाही, आदर्श वगैरे मी म्हटलेलं नाही. मग २० जुलैला चॅन्सलर पापेन यांनी अध्यक्षांच्या वटहुकमाने प्रशियाचं सरकारच बरखास्त केलं. आत दार नव्हतं, तर बाहेरून भिंत फोडली.

कम्युनिस्टांबद्दल तुमचा मुद्दा इथे मात्र बसतो. ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियाची विधानसभा बरखास्त करावी म्हणून उजव्यांनी सार्वमत आणलं, त्यात नाझी होते आणि शेवटी कम्युनिस्टही सामील झाले. सोशल डेमोक्रॅटांना ते 'सोशल फॅसिस्ट' म्हणत. सार्वमत पडलं, ३७ टक्क्यांच्या आसपास थांबलं.

गिरणगावचा:
त्याची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही. १ मे १९२९. बर्लिनचा पोलीसप्रमुख त्स्योर्गीबेल, सोशल डेमोक्रॅट. त्याने मे दिनाच्या मिरवणुकांवर बंदी घातली. कम्युनिस्ट रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, तीसहून अधिक माणसं गेली, त्यात घरात असलेलीही होती. कामगार वस्तीत ज्याच्या खिडकीतून गोळी आली त्याला 'लोकशाही वाचवायला एकत्र या' हे सांगायला कोण जाणार होतं?

सडेतोड:
हे माहीत नव्हतं. वाचतो.

शेवंता:
अवांतर: इरावतीबाई कर्वे याच सुमारास बर्लिनमध्ये होत्या ना? मानवशास्त्रात पीएचडी, १९३०.

बखरनवीस:
@शेवंता, होय. ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली, मानवी कवटीच्या असममितीवर. गुरूचा वंशाचा सिद्धांत त्यांच्या मोजमापांत बसला नाही आणि त्यांनी तसं लिहिलं. म्हणजे वरचा सगळा तमाशा चालू होता तेव्हा एक मराठी बाई त्याच शहरात कवट्या मोजत होती. वेगळा धागा काढाच.

ढेरपोट्या:
परवानगी असेल तर एक साधा प्रश्न, जर्मनीचाच. त्या बोटीचं काय झालं? आणि त्या टक्क्याचं?

बखरनवीस:
@ढेरपोट्या, बोटीचं नाव 'डॉइचलांड' ठेवलं. मे १९३१ मध्ये कीलला जलावतरण. ब्रुनिंग यांचं भाषण चालू असतानाच ती आपणहून घसरत पाण्यात गेली. म्युलर तोवर वारले होते, त्याच वर्षी मार्चमध्ये.

टक्क्याचं सांगतो. जुलै १९३० मध्ये ब्रुनिंग यांनी वटहुकमाने बेकारी विम्याची वर्गणी ४.५ केली. ऑक्टोबरमध्ये ६.५.